विंचवाचं औषध आणि उंदराचा मेंदू

मामांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: हुशार पोरानं आधी डॉक्टर व्हावं, मग मेंदूचा काय अभ्यास करायचा तो करावा. माझं म्हणणं एका वाक्यात बसत नाही.

मामा सरकारी नोकरीत होते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मेडिकल ऑफिसर म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, निवृत्तीनंतर नांदेडला घर बांधलं. मी लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमचा हा वाद जुनाच आहे. यंदा होळीच्या सुट्टीत मी नांदेडला गेले तेव्हा तो पुन्हा पेटला, तो माझ्या एका विद्यार्थिनीवरून. अहमदपूर तालुक्यातली, सोयाबीन-तुरीवर घर चालणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. सराव परीक्षांतले मार्क असे, की सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागेलच. आणि ती म्हणते, मला पुण्याला आयसर या विज्ञान संस्थेत जायचंय, मेंदू पोटात असताना कसा घडतो ते शिकायचंय. हे तिच्या डोक्यात भरलं मीच. वर्गात मेंदूशास्त्रज्ञ शुभा टोळे यांच्या एका प्रयोगाबद्दल बोलले होते, पोरीनं ते मनावर घेतलं.

"तू त्या पोरीचं नुकसान करायलीस," मामा म्हणाले.

"नुकसान कसं काय?"

"लातूरला लोक पोरं कशासाठी पाठवतात? आई गाव सोडून दोन वर्षं भाड्याच्या खोलीत पोळ्या लाटती. बाप क्लासची फी भरायला सोसायटीचं कर्ज काढतो. एवढं करून आता नंबर लागायलाय, आणि तू तिला उंदराच्या मेंदूमागं धाडायलीस."

"संशोधन म्हणजे वाया जाणं का मामा?"

"असं मी म्हणालो का? संशोधनाबद्दल मला आदरच आहे. पण संशोधन कसं असावं? बावस्करांसारखं."

हे नाव ते काढणार हे मला ठाऊक होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मिळेल ते काम करून शिकला, नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. तिथं लाल विंचू चावलेली माणसं त्याच्यासमोर मरत होती. मामा हे सांगताना नेहमी हळू बोलतात, कारण असे पेशंट त्यांनी स्वतः हाताळलेत.

"आपल्याकडंही लाल विंचू आहे," ते म्हणाले. "दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, पावसाळ्याच्या तोंडाला चपलेत. पोराला आणायचे तेव्हा ते घामानं निथळत असायचं. शर्ट पिळावा इतका घाम. हातपाय मात्र बर्फासारखे गार. उलटी. नाडी आधी मंद, मग पळायला लागायची. बीपी चढायचं. आणि काही तासांनी श्वास लागायचा, तोंडातून गुलाबी फेस यायचा. फुप्फुसात पाणी भरलंय, एवढं कळायचं. पुढं काय करायचं ते कळायचं नाही. कुणी ॲट्रोपिन द्यायचं, कुणी स्टेरॉइड. त्यानं कुणी वाचलं असेल तर ते नशिबानं."

बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवली. या माणसांना मारतंय ते हृदय आणि फुप्फुस, आणि त्याच्या आधी शरीर इशारे देतं, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलला एमडी केलं आणि शहरात दुकान न थाटता पुन्हा महाडच्या बाजूला गेले. मग ब्लडप्रेशरची एक साधी गोळी, प्रॅझोसिन, त्यांनी या पेशंटांना द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर पेशंटांमध्ये पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस जायचे. ते प्रमाण एकावर आलं. २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत त्यांनी 'बीएमजे'मध्ये दुसरी चाचणी छापली: प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर पेशंट आणखी लवकर बरा होतो. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

"गोळी द्यायची, पेशंटला आडवं ठेवायचं, उठू द्यायचं नाही, नाहीतर बीपी पडतं. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा," मामा म्हणाले. "मी स्वतः दिली आहे. पाय गरम लागले की आईला सांगायचो, हात लावून बघ. ह्याला मी संशोधन म्हणतो. आता तुझ्या त्या बाईंनी किती माणसं वाचवली, सांग."

प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. "टोळे यांच्या कामानं आजवर एकही पेशंट वाचलेला नाही."

मामांना हे अपेक्षित नसावं. मी पुढं म्हणाले, "पण मामा, त्या गोळीच्या मागं जाऊ. प्रॅझोसिन काय करतं?"

"अल्फा रिसेप्टर अडवतं."

"अल्फा रिसेप्टर आहे, हे कुणी सांगितलं?"

ते त्यांना आठवेना, आणि का आठवावं? रेमंड आल्क्विस्ट हे नाव आपल्याकडच्या किती डॉक्टरांनी ऐकलं असेल? अमेरिकेत जॉर्जियामधला हा औषधशास्त्रज्ञ कुत्रा, मांजर, सशाच्या अवयवांवर ॲड्रेनलिनच्या जातकुळीतली औषधं टाकून कुठला स्नायू आवळतो आणि कुठला सैल पडतो याची कोष्टकं मांडत बसला होता. त्यातून त्याला दिसलं, की शरीरात ॲड्रेनलिन ओळखणारे दोन प्रकारचे ग्राहक असावेत. त्यांना त्यानं अल्फा आणि बीटा म्हटलं. एका नियतकालिकानं लेख परत पाठवला, दुसऱ्यानं १९४८ मध्ये छापला. पुढची दहा वर्षं तो जवळजवळ कुणी मनावर घेतला नाही. त्या कोष्टकांतून पुढं बीटा-ब्लॉकर आले, जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वाटेनं अल्फा अडवणारी प्रॅझोसिन आली. आल्क्विस्टनं तरी किती पेशंट वाचवले होते? १९४८ मध्ये विचारलं असतं तर शून्य.

"आणि विंचवाचं विष काय करतं?" मी विचारलं.

"नसांमधले सोडियम चॅनेल उघडे ठेवतं. बंदच होऊ देत नाही. मग सगळ्या नसा एकदम पेटतात, ॲड्रेनलिनचा पूर येतो."

"हे चॅनेल आहेत ही कल्पना १९५२ ची. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या एका जाड चेतातंतूवर मोजमापं घेतली तेव्हाची. समुद्रातल्या माकुळाचा अभ्यास करून माणसाला काय मिळणार, असं तेव्हाही कुणी म्हणालं असेल. आणि पुढचं ऐका. ते चॅनेल नेमकं कुठलं प्रोटीन आहे हे विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत १९८० मध्ये सापडलं, ते विंचवाचंच विष वापरून. विष चॅनेलला घट्ट चिकटतं, म्हणून विषाच्या मागावर गेले आणि चॅनेल हाती लागलं. बिरवाडीत बावस्कर विंचवाशी झुंजत होते त्याच काळात सिएटलमध्ये दुसरा माणूस विंचवाकडून मेंदूविज्ञान शिकत होता."

मामा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे अमेरिकेनं करावं. त्यांच्याकडं पैसा आहे. आपल्याकडं अजून पीएचसीला डॉक्टर नाही."

हा त्यांचा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण त्याचं उत्तर द्यायचं तर टोळे यांनी नेमकं काय केलं ते सांगायला हवं. ते त्यांनी मुंबईत, कुलाब्याला बसून केलंय.

शुभा टोळे मुंबईच्या. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, कॅल्टेकमधून पीएच.डी. केली, शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडं पुढचं संशोधन केलं आणि १९९९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. २०१० चा भटनागर पुरस्कार, २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार. त्या कथकही नाचतात. पण माझ्या विद्यार्थिनीला पुरस्कारांचं कौतुक नव्हतं. तिला त्या कामातला एक पेच आवडला होता, आणि तो मी मामांना कागदावर काढून दाखवला.

उंदराचा गर्भ आईच्या पोटात जेमतेम वीस दिवस असतो. त्याच्या निम्म्या वाटेवर मेंदूचं कॉर्टेक्स म्हणजे पेशींचा एक पातळ पदर असतो, डावा आणि उजवा. या पदराला मधल्या रेषेच्या बाजूनं एक अरुंद किनार असते, साडीच्या काठासारखी. १९९८ मध्ये ग्रोव्ह, टोळे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या काठात विशिष्ट संदेश-प्रोटीनं बनवणारी जनुकं चालू असतात. काठाला लागून असलेल्या पेशींचं पुढं हिप्पोकॅम्पस होतं, म्हणजे आपल्या आठवणी जिथं जुळतात तो भाग. काठ संदेश पाठवतो आणि शेजारी त्याबरहुकूम घडतो, असा अंदाज होता. २००० मध्ये असं दिसलं, की काठातलं एक संदेश-प्रोटीन काढून टाकलं तर हिप्पोकॅम्पस जवळजवळ होतच नाही.

"थांब," मामा म्हणाले. "मग काठानं काठच का व्हायचं? बाकी पदरानं काठ का होऊ नये?"

"हाच तो प्रश्न मामा."

पदराच्या पेशींत एलएचएक्स-२ नावाचं जनुक चालू असतं, काठात बंद. ज्या उंदरांत हे जनुक मुळातच नाही, त्यांत काठ भलताच रुंद होतो, हे टोळे यांच्या प्रयोगशाळेनं २००१ मध्ये मांडलं. म्हणजे हे जनुक पदराला सांगत असावं, तू काठ होऊ नकोस. पण इथंच गाडी अडली. हा वाढलेला काठ खरा काठ आहे का? खरा असेल तर त्यानं शेजाऱ्याला हिप्पोकॅम्पस करून दाखवलं पाहिजे. आणि या उंदरांत हिप्पोकॅम्पस तर अजिबात दिसत नाही. का? कारण काठाच्या शेजारी सामान्य कॉर्टेक्स उरलेलंच नाही. सांगणारे सगळे, ऐकणारा कुणी नाही.

तिढा सोडवायला असा गर्भ हवा होता, ज्याच्या एकाच मेंदूत काही पेशींत जनुक आहे आणि काहींत नाही. ठिगळंठिगळं असलेला मेंदू. कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्या गटासोबत मुंबईच्या मंडळींनी असे गर्भ तयार केले. विशाखा मंगळे त्या लेखाच्या पहिल्या लेखिका. मेंदूचे पातळ काप काढायचे, मग कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आहे ते निळ्या-जांभळ्या रंगानं उमटवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पदराच्या मधल्या रेषेकडच्या भागात जिथं जिथं जनुक नसलेलं ठिगळ होतं तिथं काठ तयार झालेला होता, आणि त्या प्रत्येक ठिगळाच्या भोवती, सामान्य पेशींत, हिप्पोकॅम्पस उमटलं होतं. एकाच मेंदूत ठिकठिकाणी हिप्पोकॅम्पस. आणि हे सगळं गर्भाच्या साधारण दहाव्या-अकराव्या दिवसाच्या आतच घडतं. नंतर जनुक काढलं तर पेशी काठ होत नाहीत. दार तेव्हा बंद झालेलं असतं. २००८ च्या जानेवारीत हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंत सात वर्षं.

मामांनी माझ्या चित्रातल्या ठिगळांभोवती पेन्सिलनं गोल काढले. डॉक्टर माणूस, चित्र लगेच पकडतो. "डोकं आहे बाईंना," ते म्हणाले. "पण पुढं?"

"पुढं तेच जनुक त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये नंतर वेगळं काम करतं, हे २०११ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं. आधी न्यूरॉन बनतात, मग त्यांना सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी. त्या वळणाची वेळ हे जनुक राखतं. ते आधीच काढलं तर पेशी न्यूरॉन व्हायचं सोडून ॲस्ट्रोसाइट होतात."

"मी विचारलं पुढं म्हणजे जगाला काय मिळालं."

विद्वत्तेचा प्रभाव कशानं मोजायचा, यावर आमचं कधी जमत नाही. मामा पेशंट मोजतात. विद्यापीठं उद्धरणं मोजतात, कुणाच्या लेखाचा उल्लेख किती लेखांत आला त्याची बेरीज. मला ती बेरीज अपुरी वाटते, कारण उल्लेख शिष्टाचारापोटीही होतात. माझा हिशेब वेगळा आहे. एखाद्या कामानंतर इतरांना काय करता यायला लागलं, जे आधी करता येत नव्हतं?

"जपानमध्ये २०१५ मध्ये साकागुची आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मूळपेशींपासून प्रयोगशाळेत हिप्पोकॅम्पसचे न्यूरॉन वाढवले," मी म्हणाले. "कसे? पेशींच्या गोळ्याला आधी काठ बनायला लावलं. काठात जे संदेश असतात तेच बाहेरून ठराविक दिवशी दिले. काठ हा संदेश देणारा आहे, हे ठरलेलं नसतं तर हा प्रयोग कुठून सुरू करायचा हेही कळलं नसतं. अल्झायमरमध्ये पहिल्यांदा झडणाऱ्या भागांत हिप्पोकॅम्पस येतं. उद्या कुणी त्या पेशींवर औषध तपासेल, तेव्हा त्यात शिकागो, मुंबई, कॅलिफोर्निया, जपान सगळ्यांचा वाटा असेल आणि पेशंटला त्यातलं एकही नाव माहीत नसेल."

"उद्या," मामा म्हणाले. "तुझं सगळं उद्याच असतं."

"बावस्करांची गोळीसुद्धा आल्क्विस्टची उद्याच होती."

यावर ते हसले, पण मान्य केलं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली: मी मोठमोठ्या संस्थांची नावं घेत होते, त्यात मराठवाडा कुठंच नव्हता. मी म्हणाले, टाटा संस्थेत तरी मेंदूचं काम आकाशातून पडलं नाही. ओबैद सिद्दिकींनी १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून तिथं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढला, तेव्हा भौतिकी-गणिताच्या संस्थेत तो परकाच होता. पुढं त्यांनी फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर काम काढलं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडं शिकायला आल्या. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला. त्यांनी माशीच्या मेंदूत वासाच्या वाटा शोधल्या आणि २०१० मध्ये कर्करोगानं जाईपर्यंत विद्यार्थी घडवले. टोळे त्याच इमारतीत आल्या. एक माणूस बसतो, त्याच्या हाताखाली चार शिकतात, त्या चौघांचे आणखी होतात. प्रभाव असाही चालतो, आणि तो कुठल्याही आकड्यात येत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात किंवा लातुरात हे होऊ शकत नाही असं नाही. पण ते सुरू करायला कुणीतरी आधी तिकडं जाऊन शिकून आलं पाहिजे. सगळी हुशार पोरं नीटकडं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेकडंच वळवली तर परत येणारं कोण असेल?

मामांनी विषय बदलला असं मला वाटलं, पण तो बदललेला नव्हता. ते किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलायला लागले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि औसा-उमरग्याकडची दगडमातीची घरं, ती जाड भिंतींची आणि वर मातीचं धाबं असलेली, झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. मामांना तिकडं ड्युटी लागली होती.

"पहिले दिवस जखमा, हाडं, प्रेतं," ते म्हणाले. "तिथं काय करायचं ते माहीत होतं. खरं चुकल्यासारखं झालं ते नंतर. दसऱ्याच्या सुमाराला वेगळेच पेशंट यायला लागले. अंगावर ओरखडा नाही. सुरुवातीला तीच माणसं कामाला लागलेली मी बघितली होती, ढिगारे उपसत होती, स्वयंपाक करत होती. आणि आता छातीत धडधड, झोप नाही, पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा आत झोपायला तयार नाहीत, ट्रक गेला की पळतात. मी बी-कॉम्प्लेक्स दिल्या. दुसरं काय होतं? मला एकच कळत नव्हतं: हे तेव्हाच का नाही झालं? इतक्या दिवसांनी का?"

हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं ते असं. बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं २००५ मध्ये उंदीर-घुशींवरचा एक प्रयोग छापला. प्राण्याला एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ॲमिग्डलाच्या, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागाच्या न्यूरॉनमध्ये बघायचं. काहीच फरक नाही. प्राणीही ठीक. दहा दिवसांनी बघायचं: तेव्हा तिथल्या न्यूरॉनवर जोडणीचे नवे काटे उगवलेले, आणि प्राणी आता घाबरट झालेला. धक्का एकदाच बसला होता, मेंदू बदलत होता ते नंतर, हळूहळू. त्याच गटानं २००२ मध्ये दाखवलं होतं, की दीर्घ ताणात हिप्पोकॅम्पसच्या न्यूरॉनच्या फांद्या आखडतात आणि ॲमिग्डलाच्या मात्र वाढतात. आणि २०१२ मध्ये असं दिसलं, की धक्क्याच्या वेळी ताणाचं संप्रेरक बाहेरून दिलं तर नंतरचा तो बदल टळतो.

"दहा दिवस," मामा म्हणाले.

"उंदरात."

"उंदराचं माणसाला लावू नको, हे मीच तुला शिकवलंय." मग जरा थांबून: "पण हे मला तेव्हा माहीत असतं तर मी दहाव्या दिवशी त्याच माणसांकडं परत गेलो असतो. जे धडधाकट दिसत होते त्यांच्याकडं. औषध नसतं दिलं तरी सांगितलं असतं, की हे होतं, तुम्ही वेडे झाला नाहीत."

मी या वेळी माझा मुद्दा पुढं रेटला नाही. एवढंच सांगितलं, की टोळे यांच्याच प्रयोगशाळेनं २००७ मध्ये ॲमिग्डलाच्या एका भागाच्या पेशी गर्भात कुठून वाहत येतात ते शोधलं होतं, आणि त्या कॉर्टेक्सच्या न्यूरॉनशी नातं सांगणाऱ्या निघाल्या. भीतीचा हा भाग आणि विचारांचा भाग पूर्ण वेगळे, हे जे आपण पोरांना शिकवतो ते तितकंसं खरं नाही. नीटच्या पेपरात जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न, त्यात हिप्पोकॅम्पस किंवा ॲमिग्डला आला तर माझी पोरं पर्याय बरोबर काळा करतात. त्याच्या मागं कुणी सात वर्षं बसलं होतं, हे त्यांना सांगायला वर्गात वेळ नसतो. मी तो काढते, आणि काढत राहणार.

"बरं," मामा म्हणाले. "मेंदूचं सोड, घराचं बोल. किती वर्षं?"

"आयसरला पाच. मग पीएच.डी. पाच-सहा. मग पोस्टडॉक, बहुतेक परदेशात, तीन-चार."

"म्हणजे पस्तिशीला नोकरी. ती पण मिळाली तर. आणि एमबीबीएस झालेली तिची मैत्रीण तिशीला एमडी होऊन बापाचं कर्ज फेडून मोकळी."

"हो."

"धाकटा भाऊ आहे का?"

"आहे, नववीत."

"मग त्याचं शिक्षण कुणी करायचं? हे तुझ्या त्या 'सायन्स'मध्ये छापत नाहीत."

इथं माझ्याकडं मामांना गप्प करील असं उत्तर नव्हतं, आणि नाही. इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८० हजार असतात, पीएच.डी.ला महिना ३७ हजारांची फेलोशिप असते, पण ती वेळेवर येत नाही अशी तक्रार संशोधक पोरं सतत करतात. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलीला हे परवडतं. कोरडवाहू पाच एकरवाल्याच्या मुलीला परवडावं असं आपण काही केलेलं नाही. मामा म्हणतात, म्हणून तिनं जाऊ नये. मी म्हणते, म्हणून तिच्यासारखीनं गेलंच पाहिजे, आणि आपण मागं उभं राहिलं पाहिजे, नाहीतर मेंदूचे कुठले प्रश्न विचारायचे हे नेहमी दुसरेच ठरवतील. किल्लारीत पहिल्या दिवशी धडधाकट असलेली माणसं दसऱ्याला का कोसळली, हा प्रश्न मामांना पडला होता. बंगळुरूला तो वेगळ्या वाटेनं पोचला. इथल्याच एखाद्या पोरीनं तो घेऊन जावा असं मला वाटतं.

"बावस्कर आधी डॉक्टर होते, हे विसरू नको," मामा म्हणाले.

"त्यांना मोठं केलं ते त्या प्रश्नानं. डिग्री तर त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांकडं होती. विंचू चावलेले पेशंट त्या काळात कोकणातल्या कितीतरी डॉक्टरांनी बघितले असतील."

"मीही बघितले," ते म्हणाले. "आमच्यात फरक तोच." आणि मग, माझ्याकडं न बघता: "बापाला कोण सांगणार?"

"मी जाणार आहे."

"काय सांगशील?"

"पस्तिशी सांगेन. फेलोशिप उशिरा येते तेही. नीट द्यायचीच आहे, आयसरची परीक्षा वेगळी असते, दोन्ही फॉर्म भरलेत. दोन्हीकडं नंबर लागला तरच निवडायचा प्रश्न."

"मी येतो बरोबर," मामा म्हणाले. "तू एकटी गेलीस तर एकच बाजू सांगशील. आणि पोरीला विचारायचंय मला, ती ठिगळं नेमकी किती दिवसांची असताना बघितली ते. तुला ते नीट सांगता आलं नाही."

पुढच्या रविवारी आम्ही अहमदपूरला गेलो. मामांनी बापाला एमडीचे पगार, बंधपत्राची वर्षं, आयसरची फी सगळं मांडून दाखवलं, माझ्यापेक्षा व्यवस्थित. बापानं ऐकून घेतलं आणि मुलीला विचारलं, तू काय शिकणार आहेस ते मला सांग, मला कळेल असं. ती वहीतलं कोरं पान फाडून जमिनीवर बसली आणि पदर काढायला लागली. मामा तिच्याशेजारी बसून दुरुस्त्या करत होते.